पुढे की मागे

पाटणच्या स्टँडमागे दस्तगीर मिस्त्रीच्या शेडमध्ये
माझी जीप ठोकळ्यांवर उभी आहे,
पोटाखालचं हाउसिंग उघडं,
क्राऊनचे दात तेलात चकाकतायत.
पैसे एकाच लॉकरचे. चाकांच्या जोड्या दोन.

चहाच्या गाड्यावर विचाराल तर निकाल लागलेला आहे:
मागं.
चढाला वजन मागं येतं, मागची चाकं दाबून बसतात,
ढकलतात, आणि स्टेअरिंगला पत्ताही लागत नाही.
पुढचे एक्सल नाजूक, कडबा मोडावा तसे मोडतात,
असं पवनचक्कीवरचा बाबर म्हणाला,
ज्याची स्वतःची गाडी दोन वर्षांत डांबर सोडून उतरलेली नाही.

मिस्त्री बराच वेळ हात पुसत राहिला.
"डिफ्रन्सर म्हंजे लई भिडस्त माणूस," म्हणाला,
"जे चाक पळतं त्याच्याच मागं पळतो.
एक हवेत गरगरतंय, दुसरं मातीला धरून उभं हाय,
आन ह्यो सगळं फिरणं त्या उडाणटप्पूला देऊन मोकळा.
लॉक लावला की दोघं एका दाव्याला.
फिरायचं तर दोघांनी फिरा."

मग त्यानं विचारलं, आजवर कुणी न विचारलेलं:
"तू अडकतोस कुठं? जाताना का येताना?"

करपेवस्तीवर, मिस्त्री.
सड्यावरून खाली दीड किलोमीटर, एका गाडीपुरती वाट,
डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला काहीच नाही.
अकरा घरं. महिन्याला गॅसच्या चौदा टाक्या.
भरलेल्या घेऊन उतरतो,
आणि तिथं गाडी वळत नाही.
म्हणून रिकाम्या घेऊन चढतो रिव्हर्समध्ये,
मान पिरगाळून, टाक्या खणखणत,
आनसाबाईचा नातू उटी लावायला दगड घेऊन मागून,
म्हणजे गाडीच्या नाकापुढून, पळत.
भाद्रपदात दुसऱ्या वळणावर झरा वाटेत येतो,
तिथं मागची चाकं नुसतं शेवाळ खरवडतात.

मिस्त्रीनं धुळीत बोटानं चढ काढला,
त्यावर काडेपेटी ठेवली, उलटी.
"बघ. मागची बाजू वर, रिकामी, हलकी.
इंजिन खाली, पुढच्या चाकांच्या उरावर.
तुझा चढच उलटा हाय, गड्या.
सगळं पाटण म्हणतंय मागं. तुझं गणित म्हणतंय पुढं."

मी खूश होणार, तोच काडेपेटी वळणावर आली.
"पर पुढं लॉक लावलास की स्टेअरिंग हट्टाला पेटतंय.
दोन्ही चाकं एका चालीची. वळ म्हणलं तर सरळ जात्यात.
आन उजव्या हाताला काय म्हणालास?"

काहीच नाही.

रात्री दोन्ही किमती वहीत मांडून बसलो.
हिरा भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाली,
"पण तिथं गाडी वळत का नाही?"
धोंडा आहे, म्हटलं. म्हशीएवढा. आनसाबाईच्या परड्यापुढं.
"कुणाचा आहे?"
कुणाचाच नाही.
ती पुढं काही बोलली नाही. पीठ मळत राहिली.
सहा वर्षं मी त्या धोंड्याला हॉर्न द्यायचा तेवढा राहिलो होतो.

रविवारी बाबरच्या मोटारसायकलवर गेलो,
मध्ये पहार आडवी धरून.
वस्तीवर आणखी तीन पहारी निघाल्या,
एक गावात राहिलेला पाण्याच्या योजनेचा पाइप,
आणि सल्ले, प्रत्येक घरामागे दोन.
दुपारी तीनला धोंडा हलला,
कूस बदलल्यासारखा,
आणि उजव्या हाताच्या काहीच नाहीमध्ये गेला.
आवाज बराच वेळ येत राहिला.

सोमवारी मिस्त्रीला सांगितलं, मागं घाल.
त्यानं का विचारलं नाही.
काडेपेटी सुलटी केली, त्यातनंच बिडी पेटवली.

आता मी नाक वर करून चढतो.
झऱ्याच्या वळणावर बटण दाबतो, मागून टक्‌ होतं,
दोन्ही चाकं दातओठ खात शेवाळावरून निघतात.
दगडाची गरज नाही, कितीदा सांगितलं.
आनसाबाईचा नातू ऐकत नाही,
दगड छातीशी धरून पळतच येतो,
आता खरोखरच मागून.